यार्डात ऊस, गव्हाण रिकामी

कागल भागात कुणाच्या अंगात रक्त कमी आहे असं कळलं, की डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या दुकानात पोचायच्या आत घरात गुळाची ढेप फुटते. गूळ-शेंगदाणे, काकवी, बीट, डाळिंब, खजूर आणि लोखंडी कढईतली पालेभाजी. बाळंतीण असो, नुकती वयात आलेली मुलगी असो किंवा रोज उसाच्या फडात राबणारी बाई असो, हा सल्ला पिढ्यान् पिढ्या दिला जातो आणि त्यानं सहसा नुकसान होत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र तोच सल्ला अंगाशी येऊ शकतो. शिवाय त्याच्या रक्ताचं दुखणं मुळात खाण्यापिण्यातलं नसतंच.

एक रिपोर्ट समोर धरू. माणूस काल्पनिक आहे, पण असे आकडे डायलिसिसच्या कुठल्याही विभागात सापडतात. पंचावन्न वर्षांचा शेतकरी, आठवड्यातून दोनदा कागलहून अठरा-वीस किलोमीटरवर कोल्हापूरला डायलिसिसला जाणारा. हिमोग्लोबिन ८.४. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारा आकडा, ८५०. निरोगी पुरुषात तो साधारण ३० ते ३०० च्या दरम्यान असतो. तिसरा आकडा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनचा, तो १६ टक्के. २० च्या खाली गेला की लोह कमी पडतंय असं समजतात. म्हणजे एकाच कागदावर लोह दुपटीहून जास्त आहे आणि कमीही आहे. मुलगा डॉक्टरांना विचारतो, "एवढं लोखंड अंगात हाय म्हणतासा, मग बाबांचं रक्त का वाढंना झालंय?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि वैद्यकशास्त्राला त्याचं नीट उत्तर मिळालं ते २००० सालानंतर.

सुरुवात मूत्रपिंडापासूनच करावी लागेल. लघवी तयार करणारा अवयव एवढीच त्याची ओळख आपल्याला शाळेत करून दिलेली असते. पण मूत्रपिंड रक्तात काही प्रथिनंही सोडत असतं, आणि या प्रकरणाची दोन्ही टोकं त्यांतल्या दोन प्रथिनांना बांधलेली आहेत. पहिलं एरिथ्रोपोएटिन. हाडांमधल्या मज्जेला 'तांबड्या पेशी तयार कर' असा हुकूम देणारं हे संप्रेरक. दुसरं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, त्यातही रक्तद्रवात फिरणारा त्याचा प्रकार. शरीरात सतत तयार होणारी पेरॉक्साइडं निकामी करणं हे त्याचं काम, आणि रक्तद्रवातलं हे विकर मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होतं. मूत्रपिंडं गेली की रक्त वाढवणारा हुकूम थांबतो आणि त्याच वेळी रक्ताचं गंजण्यापासून रक्षण करणारा एक पहारेकरीही जातो. दुसऱ्या नुकसानीबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण ते नेहमीच्या रिपोर्टात येत नाही.

पहिल्या नुकसानीचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. आणीबाणीत अटकेत असताना जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं गेलं आणि डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झालं. ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत, जवळपास चार वर्षं, ते यंत्राच्या आधारानं जगले. या काळात त्यांनी एक सरकार पाडलं आणि एक आणलं. डायलिसिस हा शब्द देशातल्या असंख्य घरांत पहिल्यांदा पोचला तो त्यांच्यामुळे. त्या काळात एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन जगात कुठेच नव्हतं. डायलिसिसच्या रोग्याचं हिमोग्लोबिन फारच उतरलं तर दुसऱ्याचं रक्त चढवायचं, हाच मुख्य उपाय. रक्ताच्या एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि ते बाहेर टाकायची सोय निसर्गानं शरीरात केलेलीच नाही. त्यामुळे त्या पिढीतल्या कित्येक रोग्यांच्या यकृतात लोहाचे थर साचले. वारंवार परकं रक्त घेतल्यानं अंगात प्रतिपिंडं तयार होत, मग पुढे मूत्रपिंड बदलायची वेळ आली तरी जुळणारा दाता मिळेना.

एरिथ्रोपोएटिन नावाचं काहीतरी आहे, हे तेव्हा ठाऊक होतं. हाती लागत नव्हतं. शिकागोचे यूजीन गोल्डवासर यांनी त्यापायी उभी हयात घातली. आधी त्यांनी पंडुरोगी केलेल्या मेंढ्यांच्या रक्तातून ते काढलं. माणसाचं हवं होतं, तेव्हा जपानच्या कुमामोतो इथले ताकाजी मियाके मदतीला आले. मज्जेनं काम सोडलेल्या रोग्यांच्या लघवीत हे संप्रेरक भरपूर उतरतं. मियाके यांनी अशी २,५५० लिटर लघवी गोळा केली, आटवली, वाळवली आणि ती पूड जपानी रिवाजाप्रमाणे रेशमी वस्त्रात बांधून शिकागोला नेऊन दिली. त्यातून १९७७ साली निघालं ते शुद्ध संप्रेरक काही मिलिग्रॅम. पण तेवढ्यावर त्याची रचना वाचता आली, १९८३ मध्ये त्याचं जनुक हाती आलं आणि जून १९८९ मध्ये अमेरिकेत इंजेक्शनला मान्यता मिळाली. आज कागलच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेलं 'रक्त वाढायचं इंजेक्शन' ते हेच.

इंजेक्शन आलं, रक्त चढवणं कमी झालं आणि नवीच अडचण पुढे आली. हुकूम मिळालेली मज्जा लोह मागू लागली, आणि लोह पुरेना.

इथे जरा हिशेब करावा लागतो. निरोगी माणसाच्या अंगात एकूण लोह तीन ते चार ग्रॅम. रोज बाहेर जातं जेमतेम १ मिलिग्रॅम, तेवढंच अन्नातून आत येतं. मज्जेला रोज लागतात मात्र २० ते २५ मिलिग्रॅम, आणि ते जवळपास सगळं जुन्या, मोडीत निघालेल्या तांबड्या पेशींमधून परत मिळवलेलं असतं. म्हणजे शरीर लोहाच्या बाबतीत कमालीचं काटकसरी आहे. डायलिसिस या काटकसरीला सुरुंग लावतं. चार तास पूर्ण झाले की तंत्रज्ञ सलाइन सोडून नळ्यांतलं रक्त अंगात परत ढकलतो. नळ्या हळूहळू फिकट होत पारदर्शक दिसू लागतात, पण डायलायझरकडे, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याकडे, नीट पाहिलं तर त्याच्या केसाएवढ्या बारीक हजारो नळ्यांच्या जुडग्यात गुलाबी छटा राहिलेली असते. कधी दोनचार तांबड्या रेघा, तिथे रक्त गोठलेलं असतं. त्यात सुया काढल्यावर गॉजमध्ये जिरलेलं, आणि तपासणीला दिलेल्या बाटल्यांमधलं रक्त आलंच. हिमोग्लोबिन १० असेल तर दहा मिलिलिटर रक्तात साधारण साडेतीन मिलिग्रॅम लोह असतं. असं वर्षभर चाललं की एक ते दोन ग्रॅम लोह निघून जातं. शिवाय या रोग्यांच्या तांबड्या पेशी १२० दिवस टिकत नाहीत; त्यांचं आयुष्य बऱ्याचदा दोन ते तीन महिन्यांवर येतं.

मग लोहाच्या गोळ्या द्याव्यात, तर त्या पोटातून रक्तात उतरत नाहीत. आणि आपल्या शेतकऱ्यासारख्यांच्या रिपोर्टात तर साठा ८५०. हे कोडं उलगडायला कागलच्याच शाहू साखर कारखान्याच्या यार्डात उभं राहावं. ऐन हंगामात यार्ड उसानं भरलेलं आहे, ट्रॅक्टर-ट्रॉल्या तयार आहेत, गव्हाणीवरची, म्हणजे ऊस गाळपाला टाकायच्या जागेवरची, माणसं वाट पाहताहेत, आणि यार्डाचं फाटक मात्र आतून बंद. बाहेरून बघणारा म्हणेल, केवढा ऊस! गव्हाणीवरचा म्हणेल, ऊसच नाही. दोघंही खरं बोलताहेत. फेरिटिन म्हणजे यार्डातला ऊस. ट्रान्सफेरिन म्हणजे ट्रॉल्या; १६ टक्के सॅच्युरेशन म्हणजे शंभरातल्या चौऱ्याऐंशी जागा रिकाम्या धावताहेत. गव्हाण म्हणजे मज्जा. फाटकाचं नाव फेरोपोर्टिन, आणि ते बंद करणाऱ्या वॉचमनचं नाव हेपसिडिन.

हेपसिडिन यकृतात तयार होतं. २००० आणि २००१ साली ते दोन-तीन प्रयोगशाळांना वेगवेगळ्या वाटांनी सापडलं, आणि त्यांतल्या काहींचा शोध चालला होता जंतू मारणाऱ्या प्रथिनांचा. कॅलिफोर्नियातले टॉमस गँझ त्यांतले एक. त्याच सुमारास पॅरिसच्या एका प्रयोगशाळेत काही उंदरांच्या अंगात विनाकारण लोह साठू लागलं. पाहतात तो दुसऱ्याच जनुकाच्या प्रयोगात त्यांचं हेपसिडिन बंद पडलं होतं. जंतू आणि लोह हा संबंध पुढे स्पष्ट झाला. बहुतेक जंतूंना वाढायला लोह लागतं. म्हणून अंगात कुठेही संसर्ग किंवा सूज आली की यकृत हेपसिडिन वाढवतं, फाटकं बंद होतात, लोह पेशींमध्ये कोंडलं जातं आणि जंतू उपाशी राहतात. चार दिवसांच्या तापात ही युक्ती उत्तम. डायलिसिसच्या रोग्याच्या अंगात मात्र सूज बारमाही असते, आणि हेपसिडिन बाहेर टाकणारी मूत्रपिंडंही बंद पडलेली असतात. वॉचमनची ड्यूटी संपतच नाही. पोटातल्या गोळ्या याच फाटकाशी अडतात. आतड्यातून रक्तात येणाऱ्या लोहालाही तेच दार आहे. फेरिटिन स्वतःही सुजेबरोबर वाढतं, त्यामुळे ८५० मधलं लोहाचं किती आणि सुजेचं किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

लोह इतकं कोंडून ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. सुटं लोह जहाल असतं. १८९४ साली केंब्रिजचे हेन्री फेंटन यांनी दाखवलं, की हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लोहाचा नुसता अंश टाकला तरी ते मिश्रण टार्टरिक आम्लाचं ऑक्सिडीकरण करतं. पुढे कळलं की त्यात हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं. मूलक म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी तुटलेला रेणू. समोर जे येईल, चरबी, प्रथिनं, डीएनए, त्याच्याकडून तो इलेक्ट्रॉन हिसकावतो. जखमी झालेला रेणू मग शेजाऱ्यावर हात टाकतो. पेशींच्या पातळ आवरणातल्या चरबीत ही साखळी एकदा लागली की लांब जाते. हे थांबवण्यासाठी शरीरानं अँटिऑक्सिडंटांची फळी उभी केलेली आहे: सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, जे १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखलं, कॅटॅलेज, मघाशी आलेलं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, क आणि ई जीवनसत्त्वं, रक्तातलं अल्ब्युमिन, आणि युरिक आम्लसुद्धा.

डायलिसिसमध्ये हल्ला वाढतो आणि फळी विरळ होते. रक्त डायलायझरच्या कृत्रिम पडद्याला लागलं की पांढऱ्या पेशींना परका शिरल्यासारखं वाटतं आणि त्या जंतूंवर सोडायचा ऑक्सिजनाचा मारा तिथेच सोडतात. पडद्याची छिद्रं लहान रेणूंना मोकळी असल्यानं युरियाबरोबर क जीवनसत्त्वही निघून जातं. एका डायलिसिसमध्ये रक्तातली त्याची पातळी तिसऱ्या हिश्शानं किंवा त्याहूनही जास्त उतरते. फळं खाऊन भरून काढावं, तर पोटॅशियमच्या भीतीनं फळं बंद.

आणि पाणी. डायलिसिसचं यंत्र मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्राव वापरतं, म्हणजे चार तासांत १२० लिटर. पिण्यापुरतं बरं असलेलं पाणी इथे चालत नाही, कारण पिताना आतडी मध्ये असतात, इथे रक्त आणि पाणी यांच्यात केवळ एक पडदा. काळम्मावाडीच्या पाइपलाइनचं असो की बोअरचं, ते कार्बनच्या टाकीतून आणि मग आरओमधून जावं लागतं. कार्बनची टाकी लोकांना बिनमहत्त्वाची वाटते. १९७३ साली अमेरिकेत जॉन ईटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शहराच्या क्लोरिनयुक्त पाण्यातलं क्लोरामिन डायलिसिसच्या रोग्यांच्या तांबड्या पेशींचं ऑक्सिडीकरण करून त्या फोडत होतं. रोग्यांचं रक्त कमी होत होतं आणि दोष त्यांच्या आहारात शोधला जात होता. क्लोरामिन आरओच्या पडद्यातून निसटतं. ते अडवतो तो कार्बन. अनेकांचं हिमोग्लोबिन एकाच महिन्यात एकदम उतरलं, तर रोग्यांआधी पाण्याची खोली तपासावी, असं जुनी तंत्रज्ञ मंडळी सांगतात, आणि मला तो शहाणपणाचा कळस वाटतो.

आता लोह द्यायचं कसं, हा पेच. गोळी उतरत नाही म्हणून शिरेतून द्यावं लागतं. आपल्याकडे सर्रास वापरलं जातं ते आयर्न सुक्रोज: गडद तपकिरी, जवळजवळ काळं औषध, पाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम लोह. लोहाभोवती आवरण असतं सुक्रोजचं, म्हणजे उसापासून काढतात त्याच साखरेचं. कागलकरांनी याची मौज जरूर वाटून घ्यावी. हे आवरण लोहाला सुटं होऊ देत नाही, पण थोडंसं सुटतंच. २००० साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये २२ रोग्यांना १०० मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज देऊन रक्त तपासलं, तेव्हा चरबीच्या ऑक्सिडीकरणाच्या खुणा वाढलेल्या दिसल्या. सहा तास आधी ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला की त्या कमी वाढत. असे अभ्यास वाचून अनेक डॉक्टरांचा हात आखडला. लोह देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या गंजवायच्या का? डायलिसिसवरचे बरेचसे लोक मूत्रपिंडामुळे नव्हे, हृदयविकारानं जातात, हे त्यांना ठाऊक होतं.

या शंकेचं उत्तर ब्रिटनमध्ये २०१९ साली आलं. पिव्होटल नावाच्या चाचणीत ५० केंद्रांतले २,१४१ रोगी होते. निम्म्यांना दर महिन्याला ४०० मिलिग्रॅम लोह, आणि फेरिटिन ७०० च्या किंवा सॅच्युरेशन ४० टक्क्यांच्या वर गेलं तरच थांबायचं. उरलेल्यांना फेरिटिन २०० च्या किंवा सॅच्युरेशन २० च्या खाली उतरल्यावरच द्यायचं. सढळ हातानं लोह मिळालेल्या गटात मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदय थकून दाखल होणं यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी कमी निघालं. संसर्ग वाढले नाहीत आणि एरिथ्रोपोएटिनही कमी लागलं. प्रयोगशाळेत दिसलेला गंज खोटा नव्हता. पण लोहाअभावी थकलेल्या हृदयाची आणि एरिथ्रोपोएटिनच्या मोठ्या डोसांची किंमत त्याच्याहून मोठी ठरली. एरिथ्रोपोएटिनचा डोस वाढवून हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकं, १३ पर्यंत न्यायचा प्रयत्न २००६ आणि २००९ च्या मोठ्या चाचण्यांत अंगाशी आला होता. म्हणून आज डॉक्टर साडेअकराच्या आसपास थांबतात. 'रक्त अजून वाढवा' असा घरच्यांचा आग्रह असतो, तो इथे मोडावाच लागतो.

८५० फेरिटिनवाला आपला शेतकरी मात्र पिव्होटलच्या रेषेपलीकडे आहे. २००७ च्या एका अमेरिकन चाचणीत फेरिटिन ५०० ते १,२०० आणि सॅच्युरेशन २५ टक्क्यांपर्यंत असलेल्या १३४ जणांना घेतलं; ज्यांना एक ग्रॅम लोह दिलं त्यांचं हिमोग्लोबिन जास्त चढलं. पण ती सहा आठवड्यांची गोष्ट. अशा माणसाला लोह द्यायचं की नाही यावर चांगले डॉक्टरही एकमताचे नाहीत. अंगात ताप किंवा पू असेल तर लोह थांबवायचं, आणि इंजेक्शननंतर किमान आठवडा गेल्याशिवाय फेरिटिन तपासायचं नाही, यावर मात्र वाद नाही.

अँटिऑक्सिडंटांच्या मोजमापाचंही असंच आहे. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा हा आवडता प्रबंधविषय. डायलिसिसच्या रोग्यांत मॅलॉनडायअल्डिहाइड, म्हणजे चरबीच्या ऑक्सिडीकरणाची खूण, वाढलेलं आणि क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन घटलेलं, असं चित्र बहुतेक ठिकाणी निघतं. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज कुणाला वाढलेलं सापडतं, कुणाला घटलेलं. सगळ्यात फसवी असते 'एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता' ही चाचणी. डायलिसिसच्या आधी ती चक्क निरोगी माणसाहून जास्त भरू शकते, आणि चार तासांनी उतरते. कारण सरळ आहे: चाचणीत सर्वात मोठा वाटा युरिक आम्लाचा, आणि मूत्रपिंड बंद असलेल्या माणसात ते तुंबलेलं असतं. जे विष म्हणून काढायचं तेच संरक्षण म्हणून मोजलं जातं. नुसत्या या आकड्यावर उभारलेला निष्कर्ष मी तरी वाचून बाजूला ठेवतो.

मग गोळ्या द्याव्यात का? सन २००० मध्ये इस्रायलमधल्या १९६ रोग्यांपैकी निम्म्यांना ई जीवनसत्त्व रोज ८०० युनिट दिलं, तेव्हा हृदयविकाराच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या. २००३ मध्ये जर्मनीत १३४ जणांच्या चाचणीत एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंट औषधानंही अशा घटना कमी झाल्या. उत्साह पसरला. पण २०१४ मध्ये अमेरिकेत ३५३ जणांच्या चाचणीत सहा महिने टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वच, आणि अल्फा-लिपोइक आम्ल दिलं, तर सूज किंवा ऑक्सिडीकरण यांच्या खुणा हलल्यासुद्धा नाहीत. क जीवनसत्त्वाला तर दुहेरी धार. थोडं दिलं तर कोंडलेलं लोह सुटायला मदत करतं. जास्त झालं तर तेच सुट्या लोहाला पुन्हा फेंटनच्या कामाला जुंपतं, आणि त्याचं शरीरात ऑक्झॅलेट होऊन लघवीवाटे जायला जागा नसल्यानं ते सांध्यांत आणि हृदयात साचतं. म्हणून या रोग्यांना रोज ६० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास, तेही डॉक्टरांना विचारून. दुकानात सहज मिळणारी ५०० ची चघळायची गोळी रोज घेऊ नये.

आता स्वयंपाकघर. गुळात लोह थोडंफार असतं, पण पोटॅशियम १०० ग्रॅममागे सुमारे एक ग्रॅम. काकवीही त्याच वाटेनं जाणारी. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाला दोन-अडीच ग्रॅम पोटॅशियमची मर्यादा असते. ती ओलांडली तर हृदयाचे ठोके थांबू शकतात, आणि तेही कुठलीही पूर्वसूचना न देता. एका शहाळ्यातून पाऊण ग्रॅमपर्यंत जातं. आजाऱ्याला बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीत नेमकी शहाळी आणि मोसंबी असतात! भाज्या चिरून पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी टाकलं की पोटॅशियम बरंच उतरतं. कमरख मात्र अजिबात नको. अँटिऑक्सिडंटांनी भरलेलं म्हणून त्याची स्तुती होते, पण त्यातलं कॅरँबॉक्सिन हे मेंदूवरचं विष निकामी मूत्रपिंडात अडकतं. आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके आणि मृत्यूही. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी ते २०१३ साली वेगळं काढून दाखवलं.

मटणाची गोष्ट कोल्हापूरकराला जड जाईल. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं वाढवायची असतात, वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, कारण अल्ब्युमिन टिकलं तर संरक्षणाची फळीही टिकते. आधी प्रथिनं बंद केलेली मंडळी भीतीनं तशीच कोरडी भाकरी खात राहतात. अंड्याचा पांढरा बलक उत्तम. मटणाच्या दोन-चार फोडीही चालतात. चालत नाही तो तांबडा आणि पांढरा रस्सा: पाणी, मीठ आणि पोटॅशियम तिन्ही त्यातच. फोडी ताटात आणि रस्सा पातेल्यात, हे पथ्य पाळणाऱ्या माणसाचा खरं तर सत्कार करायला हवा.

आठवड्याला किती वेळा, हाही प्रश्न आहेच. २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रोग्यांची भर पडते आणि त्यासाठी ३.४ कोटी डायलिसिस जास्तीची लागतात, असा हिशेब मांडला होता. भागाकार केला तर माणशी वर्षाला १५५, म्हणजे आठवड्याला तीन. प्रत्यक्षात आपल्याकडे बहुतेकांचं दोनवर भागवलं जातं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेनं यंत्राचा खर्च उचलला तरी रोजगार बुडवून गाडीभाडं घालून तिसऱ्यांदा येणं अनेकांना परवडत नाही. डायलिसिस कमी झालं की विषं साचतात, सूज वाढते, हेपसिडिन वाढतं. मार्च २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळालेलं डेसिडुस्टॅट हे गोळीचं औषध शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याचा भास करून एरिथ्रोपोएटिन वाढवतं आणि हेपसिडिनही खाली आणतं. दीर्घकाळचा अनुभव अजून गोळा होतो आहे.

तोवर ८५० फेरिटिन आणि १६ सॅच्युरेशन दिसलं की अनुभवी डॉक्टर लोहाची बाटली उघडण्याआधी सुजेचं उगमस्थान शोधतात. मानेतली डायलिसिसची नळी महिनोन् महिने तशीच आहे का? हाताचा फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेली वाट, तयार करून ती नळी काढणं हाच तिथला मोठा इलाज. मधुमेह्याच्या पायाला न भरलेली जखम आहे का? संध्याकाळी बारीक ताप येतो का? कारण या रोग्यांत क्षयरोगाचं प्रमाण जास्त, आणि तो छातीऐवजी मानेच्या गाठीत किंवा पोटात लपून बसतो. आणि तोंड उघडायला लावतात. निपाणीचा तंबाखूपट्टा इथून हाकेच्या अंतरावर; मिश्री लावणारी बायामाणसं घरोघर आहेत. सुजलेल्या, पू धरलेल्या हिरड्या ही बारमाही सुजेची एक ठरलेली जागा, आणि डायलिसिसच्या धावपळीत तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. दात काढायचा किंवा हिरड्या साफ करायच्या तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जावं, कारण यंत्रावर रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनचा असर तोवर उतरलेला असतो. दाताच्या डॉक्टरांना डायलिसिसबद्दल आधी सांगावं, आणि रक्तदाब मोजायचा पट्टा फिस्टुलाच्या हाताला बांधू देऊ नये.